तारेच्या आतली प्रीती

दुःखसप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या, गुरुवारी सोलापुरातल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चांत) पाय धुण्याचा विधी होतो. पाळक कमरेला पंचा बांधतात, घंगाळात पाणी घेतात आणि बाकावर बसलेल्यांपुढे गुडघे टेकतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो हा प्रसंग. त्यानंतरच्या संदेशात राग, वैर, क्षमा आणि सेवा हे शब्द हमखास येतात. ते या शहरात कोणाच्या तोंडून आले आणि कोणाला उद्देशून बोलले गेले, ते इथे मांडायचं आहे. या शब्दांची सोलापुरातली सगळ्यांत कठीण परीक्षा गिरण्यांच्या काळात, इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, एका तारेच्या कुंपणात झाली, म्हणून टिपणाचा बराचसा भाग तिथेच जाईल.

आधीचं थोडक्यात. कष्टाला आणि सेवेला देवापर्यंतची वाट मानणं सोलापूरला परदेशातून शिकावं लागलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला, आणि कायक (कष्ट) व दासोह (सेवा) हे शब्द या मातीत तेव्हापासून आहेत. १८६० मध्ये रेल्वे आली. अहमदनगरला १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मिशनने त्याच दशकात सोलापुरात ठाणं केलं. शाळा, दवाखाना, रविवारची उपासना हे सगळं हळूहळू उभं राहिलं. माणसं मात्र फार थोडी आली.

चित्र बदललं ते दुष्काळांनी. १८७६ ते १८७८, मग १८९६–९७, आणि लगेच १८९९–१९००. सोलापूर जिल्हा तिन्ही वेळा होरपळला. खडी फोडायच्या कामांवर माणसं मेली, पोरं मागे राहिली. मिशनने अनाथाश्रम काढले. पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली सांभाळल्या. सोलापुरात याच सुमारास लहान मुलांची बालवाडी सुरू झाली. त्या काळी खालच्या मानलेल्या घरातल्या मुलाला मांडीवर घेऊन गाणं शिकवणारी बाई ही गोष्टच नवी होती.

'भाकरीसाठी ख्रिस्ती झाले' हा टोमणाही तेव्हाचाच. त्याने दोन पिढ्यांच्या मनात राग साठवला. त्यावर आमच्याकडची जुनी माणसं एवढंच म्हणत की भूक लागलेल्याला आधी कोण दिसलं ते विचारा. मला ते उत्तर पुरेसं वाटतं.

एका शब्दापाशी थांबायला हवं. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, वैऱ्यांवर 'प्रीती' करा असं आहे, 'प्रेम' करा असं नाही. मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये आला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी आपलं भाषांतर केलं, ते पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. रमाबाईंना ही भाषा जड वाटे. साध्या बाईमाणसाला कळेल असं संपूर्ण शास्त्र त्यांनी एकहाती मूळ भाषांवरून मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालं. या सगळ्या खटाटोपात 'प्रीती' हा शब्द मंडळ्यांच्या बोलण्यात टिकून राहिला. बाहेर तो गाण्यांत आणि मुलींच्या नावांत गेला. आत त्याचा अर्थ भावना असा राहिला नाही, तर वागणूक असा झाला. एखाद्याबद्दल मनात काहीही वाटत असो, त्याच्याशी कसं वागायचं ते प्रीती ठरवते. रागाचंही तसंच. इफिसकरांस पत्रात रागावा पण पाप करू नका, राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका असं सांगितलं आहे. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात खुद्द येशू सभास्थानातल्या कठीण मनाच्या लोकांकडे रागाने पाहतो. म्हणजे शास्त्र रागाला जागा देतं, द्वेषाला देत नाही. संदेशांत मात्र हा फरक सहसा पुसला जातो आणि 'राग सोडा' एवढंच उरतं. ते कोण कोणाला सांगतो यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे.

१८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली, आणि अशा जमातींना एका जागी कोंडून कामाला लावणाऱ्या वसाहतींना, म्हणजे सेटलमेंटना, जोर आला. सोलापूर त्यासाठी सोयीचं होतं, कारण इथे गिरण्या होत्या आणि त्यांना कामगार हवे होते. पारधी, कैकाडी, टकारी, मांगगारुडी कुटुंबं इथे आणून वसवली गेली. भोवती तार आली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, पास नसला तर शिक्षा. पोरांना आईबापांपासून वेगळं काढून वसतिगृहात ठेवण्याचा अधिकारही कायद्यात होता.

ही वसाहत चालवायची कोणी? सरकारला पोलिसांपेक्षा मिशनरी बरे वाटले. उत्तरेत एका ख्रिस्ती संघटनेने १९०८ पासून असं काम घेतलंच होतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापूरच्या मिशनसमोर हा प्रश्न आला आणि त्यांनी होकार दिला. वसाहतीचं नाव उमेदपूर, म्हणजे उमेदीचं गाव.

या होकारावर मी अनेकदा विचार केला आहे. होकार देणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कुंपण उठलं नसतं, फक्त किल्ल्या दुसऱ्याच्या हातात गेल्या असत्या. त्यांनी शाळा काढली, रात्रीचे वर्ग घेतले, आजाऱ्यांना पाहिलं. गावोगाव ज्यांच्या सावलीलाही लोक दगड मारत त्यांच्या झोपडीत जाऊन बसणारी माणसं त्यांच्यात होती. ज्याला जग चोर म्हणतं त्याच्या ताटात जेवणं ही लहान गोष्ट नव्हती. वागणूक चांगली असलेल्या कुटुंबांना तारेबाहेरच्या वस्तीत राहायला जाण्याची वाटही होती. तिला फ्री कॉलनी म्हणत. सोलापुरात आजही पत्त्यांवर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे क्रमांक लिहिला जातो. लहानपणी मला तो शब्द नुसता एका भागाचं नाव वाटायचा. 'फ्री' म्हणजे कशापासून फ्री, हे फार उशिरा कळलं.

दुसरी बाजू मला अधिक जड वाटते. हजेरीचं पुस्तक ज्याच्या हातात त्याच्याच हातात शास्त्र होतं. सकाळी नाव पुकारणारा रविवारी 'वैऱ्यांवर प्रीती करा' असं वाचत होता. ऐकणाऱ्याने काय समजावं? त्याच्यावर अन्याय झाला होता. त्याची जमीन, जंगल, गाढवं, मिठाचा आणि टोपल्यांचा धंदा, फिरण्याची वाट, सगळं गेलं होतं. त्याच्या पोराला जन्मताच गुन्हेगार म्हटलं गेलं होतं. त्याचा राग खरा होता आणि शास्त्रात बसणारा होता. त्या रागाला 'सोड' म्हणण्याचा अधिकार कुंपणाच्या बाहेरच्या माणसाला कसा मिळाला? पाय धुणाऱ्याला आधी वरची जागा सोडावी लागते. पंचा बांधताना येशूने बाहेरचं वस्त्र काढून ठेवलं, ते काही उगाच लिहिलेलं नाही. इथे सेवा होती, कष्ट होते, दया होती; वस्त्र मात्र अंगावरच राहिलं.

गिरणीमालकांचा फायदा तर उघड होता. कंटाळून गावाकडे निघून जाऊ न शकणारा कामगार त्यांना मिळाला. मिशनने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण प्रीतीच्या कामाला जेव्हा तार लागते तेव्हा तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, हे पाहायला हवं होतं. देशी ख्रिस्ती कार्यकर्त्यांना हे अधिक जाणवलं असणार, कारण ते स्वतः गावकुसाबाहेरून आले होते आणि हुकूम ऐकण्याची सवय त्यांना घरातून होती. त्याच काळात महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळींत स्वतःच्या पायांवर उभं राहण्याची ओढही वाढत होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारापासून दूर होऊन 'देवाचा दरबार' मांडला. अभंग, कीर्तन, आणि बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला गुरू मानणाऱ्या सगळ्यांचं बंधुत्व, अशी ती कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले. सोलापूरच्या कुंपणापर्यंत हा विचार पोचला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सुटत नाही.

मग १९३० चा मे महिना. गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळलं, गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळल्या, पोलीस मारले गेले, मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांच्या नावाचा चौक शहराच्या मध्यावर आहे. त्या दिवसांत 'राग गिळा' म्हणणारा कोणीही सरकारच्या बाजूचा वाटावा हे साहजिक होतं. परदेशी मिशनने सांभाळलेल्या मंडळ्यांची कुचंबणा झाली असणार, यात मला शंका नाही. अहिंसेचा गांधींचा आग्रह आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन यांचं नातं या मंडळ्यांतली माणसं आपल्या शेजाऱ्यांना समजावू शकली असती. पण त्यासाठी आवाज आपला असावा लागतो, पगार देणाऱ्याचा नव्हे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि गुन्हेगार जमातींच्या कायद्याची चौकशी करायला समिती नेमली गेली. कायदा देशभर रद्द व्हायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडलं. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती. म्हणून या जमातींचे लोक स्वतःला विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. तार गेली. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. शिक्का पुसला गेला नाही. आजही रात्री कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीत जाते हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मंडळ्यांचंही पुढे बदललं. परदेशी माणसं परत गेली, कारभार इथल्या लोकांकडे आला, १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एका छत्राखाली एकत्र आल्या. नंतरची वर्षं मालमत्तेच्या आणि पदांच्या भांडणांत बरीच गेली. शेजाऱ्याला क्षमा करायला शिकवणारी माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढली. हे लिहिताना वाईट वाटतं, पण रागाची पार्श्वभूमी सांगायची तर ते वगळता येणार नाही.

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात कुष्ठरोग्यांची सेवा करणारा एक परदेशी मिशनरी आणि त्याचे दोन लहान मुलगे झोपेत असताना गाडीसह जाळले गेले. त्याच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि ती कुष्ठरोग्यांच्या कामात राहिली. त्यानंतर आमच्याकडे प्रीतीवरचा संदेश त्या बाईचं उदाहरण दिल्याशिवाय क्वचितच पुरा होई. ते उदाहरण का पटतं याचं कारण साधं आहे. क्षमा करणारी तीच होती जिचं घर जळलं होतं. दुसऱ्या कोणी तिला 'राग सोड' म्हटलं नव्हतं.

सेटलमेंटमधल्या घरांची तिसरी-चौथी पिढी आता शहरात पसरली आहे. त्यांतले काही मंडळ्यांत आहेत, बरेचसे नाहीत. मिशनच्या शाळेची आठवण काहींच्या घरी प्रेमाने निघते, हजेरीची आठवण त्याच घरी दुसऱ्या खोलीत. गुरुवारच्या विधीसाठी बाकावर कोणाला बसवायचं हे मंडळीतले वडील आधी ठरवतात. बहुतेक वेळा ती नावं मंडळीतलीच असतात, ओळखीची, स्वच्छ पायांची. उमेदपूरच्या बाजूने कोणाला बोलवावं असं मी एकदा सुचवलं होतं. एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बोलवू नका बाळा, तुम्हीच तिकडं जावा." त्या स्वतः फ्री कॉलनीत वाढल्या होत्या.