बागेच्या बॉर्डरला शोभेचं गवत लावताय? बी थेट वाफ्यात टाकू नका

आम्ही शोभेच्या गवतांचं बी विकतो. जून-जुलै आला की आमच्या व्हॉट्सॲपवर एकाच प्रकारचे फोटो सुरू होतात, वरून काढलेला वाफा, सगळं हिरवंगार, आणि खाली प्रश्न, "यातलं तुमचं कुठलं?" खरं सांगायचं तर रोपांच्या त्या वयात फोटोवरून आम्हालाही सांगता येत नाही. म्हणून हे पान आता बियांच्या प्रत्येक पाकिटासोबत देतोय. पेरायच्या आधी वाचा, नंतर वाचून फारसा उपयोग नाही.

गवताचं बी उगवायला तसं अवघड नाही, पण ते उगवतं कुठल्याही रानगवतासारखंच, आणि आपल्याकडे पहिला पाऊस पडला की हराळी, लव्हाळा, चिमणचारा हे सगळे न बोलावता त्याच आठवड्यात वर येतात. त्यात वाफ्यात अर्धकच्चं शेणखत घातलेलं असेल तर विचारूच नका, जनावरानं खाल्लेल्या गवताचं बी त्यातून सरळ तुमच्या बॉर्डरला येतं. मग होतं काय, पंधरा-वीस दिवसांनी माळीदादा खुरपं घेऊन बसतात आणि वाफा स्वच्छ करून देतात, त्यात आपलं गवत पण जातं. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काही ताई तर खुरपू देत नाहीत, रोज पाणी घालून महिना-दोन महिने लव्हाळा वाढवतात आणि मग आम्हाला फोन येतो की बी खराब निघालं.

तर बी ट्रेमध्येच लावा. प्रोट्रे, म्हणजे रोपांचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे घ्या नाहीतर तळाला भोकं पाडलेला कुठलाही पसरट डबा चालेल. भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत, बागेतली माती अजिबात नको, तणाचं बी त्या मातीतच असतं. कोकोपीटमध्ये जे उगवेल ते आपलंच, एवढा साधा हिशोब. आम्ही ट्रे आणि कोकोपीट पण विकतो म्हणून हे सांगतोय असं काहीजण तोंडावर म्हणतात, म्हणू देत, घरात असेल ते वापरा पण बागेची माती नको.

एका कप्प्यात चार-पाच दाणे टाका, गवत झुपक्यात लावायचं असतं, त्यामुळे विरळणी करत बसायची गरज नाही. बारीक बी नुसतं बोटानं दाबायचं, वर चिमूटभर कोकोपीट. रोशा या सुगंधी गवताचं बी फारच हलकं असतं, चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून टाका म्हणजे एका जागी पडत नाही. शोभेची जांभळी बाजरी मात्र एक सेंटीमीटर खाली. पाणी स्प्रेनंच, पाइप लावलात की बी एका कोपऱ्यात जमा झालंच म्हणून समजा. आणि मुंग्या! गवताचं बी त्या अक्षरशः उचलून नेतात, ट्रे पाण्याच्या परातीत वीट ठेवून तिच्यावर ठेवा. "एकही उगवलं नाही" म्हणणाऱ्यांनी आधी तिकडे बघावं.

आता पाकिटांबद्दल. जांभळी बाजरी म्हणजे पर्पल मॅजेस्टी, बागेतल्या नव्या जाती तपासणाऱ्या अमेरिकेतल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या संस्थेचं २००३ सालचं सुवर्णपदक मिळालेली जात, आहे आपली बाजरीच. ती हिरवीच उगवते, जांभळा रंग कडक ऊन मिळाल्यावर चढतो, त्यामुळे "हिरवं बी दिलं" ही तक्रार आम्ही घेत नाही, सावलीत लावलीत तर हिरवीच राहणार. ट्रेमध्ये तीन आठवड्यांच्या वर ठेवू नका, मुळं अडकली की बुटकी राहून वीतभर असतानाच कणीस टाकते. संकरित आहे, घरचं बी धरून पुढच्या वर्षी तशीच येणार नाही. रोशा मे महिन्यात ट्रेत टाका, चार ते सहा आठवड्यांनी दोन-तीन चांगले पाऊस झाले की वाफ्यात, पण मागच्या ओळीत, पुरुषभर वाढतं. बनी टेल हे सशाच्या शेपटीसारखे तुरे येणारं थंडीचं गवत, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जूनमध्ये लावून आम्हाला बोल लावू नका.

जांभळ्या फाउंटन ग्रासचं, म्हणजे कारंज्यासारखं झुकणाऱ्या शोभेच्या गवताचं, बी आमच्याकडे मिळत नाही कारण ते जवळजवळ धरतच नाही, रोपंच घ्यावी लागतात. हिरव्या फाउंटन ग्रासचं बी धरतं, पण ते आम्ही मुद्दाम विकत नाही. हवाईत ते बागेतून सुटून रानभर पसरलंय, आपल्या माळांवर ते नको. वाळा आणि गवती चहाचं बी पण विचारतात लोक, ते ठोंबापासूनच लावायचं, ठोंब आहेत आमच्याकडे.

वाफ्यात लावल्यावर दोन झुपक्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, सुरुवातीला मोकळं मोकळं दिसेल, दिसू देत. प्रत्येक झुपक्याशेजारी एक काडी रोवा आणि माळीदादांना ती काडी दाखवा. तरी शंका आली तर गवताचा एक दांडा बुडाशी दोन बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागल्या तर तो लव्हाळा, मुळाशी काळी गाठ पण सापडेल, ती गाठीसकट काढा नाहीतर परत येतो.

पॅकिंगच्या आधी प्रत्येक लॉटचे दाणे आम्ही ओल्या कापडात उगवून बघतो, लॉट नंबर पाकिटामागे आहे. ट्रेमध्ये लावून उगवलं नाही तर नंबर आणि ट्रेचा फोटो पाठवा, बी बदलून देतो. थेट वाफ्यात टाकलेल्याचं मात्र बदलून देत नाही, तिथे काय उगवलं आणि काय खुरपलं हे कुणालाच कळत नाही. एवढा व्याप नको असेल तर तयार रोपांच्या ट्रेचं बुकिंग मे अखेरपर्यंत घेतो, न्यायला येताना रिकामं क्रेट घेऊन या.