वेळ लावणं वेगळं, वेळ राखणं वेगळं

"सर्व्हरची वेळ जुळलेली आहे ना?" असं विचारलं की हमखास उत्तर येतं, "हो, रोज रात्री क्रॉन चालतो, एनटीपीवरून वेळ घेतो." क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय, एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत. हे झालं वेळ लावणं. एनटीपीची सेवा चोवीस तास चालू ठेवून वेळ राखणं हे निराळं काम आहे.

संगणकातलं क्वार्ट्झ घड्याळ दर दहा लाख सेकंदांत 20 सेकंद पुढे जात असेल, तर दिवसाला सुमारे 1.7 सेकंदांचा फरक पडतो. रात्री दोनला क्रॉन ते घड्याळ एका झटक्यात मागे आणतो. आता लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघा. ऑर्डर 02:00:01 ला नोंदली गेली, मग घड्याळ मागे गेलं आणि ती ऑर्डर रद्द झाल्याची नोंद 02:00:00 वर पडली. वेळेनुसार क्रम लावला की ऑर्डर येण्याआधीच रद्द! असा लॉग तपासात पुरावा म्हणून कुणी कसा मानावा?

सतत चालणारी सेवा असं करत नाही. विनंती निघाली कधी, पोचली कधी, उत्तर निघालं कधी, परत आलं कधी, या चार वेळांवरून ती फरक काढते. शिवाय आपलं घड्याळ किती वेगानं चुकतंय, हेही शिकते. मूळ सेटिंगवर एनटीपीडी (एनटीपीची अशी सतत चालणारी सेवा) 128 मिलिसेकंदांपर्यंतच्या फरकासाठी उडी मारतच नाही. घड्याळाची चाल सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद बदलते. 100 मिलिसेकंद भरून काढायला निदान 200 सेकंद लागतात, पण तेवढ्यात वेळ एकदाही मागे जात नाही.

वेळ देणाऱ्या स्रोतांचंही तसंच. एकाच सर्व्हरवर भिस्त असेल, तर तो चुकला की आपणही चुकलो. दोन ठेवले तर कोण चुकतोय हे ठरवता येत नाही. म्हणून चार तरी द्यावेत.

लावणं आणि राखणं यांतला हा गोंधळ टिकून राहतो, कारण लॉगिन अडत नाही: लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या कर्बेरॉसला सहसा 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालतो.

एनटीपीडीऐवजी क्रोनी ही तशीच सेवा वापरत असाल तर 'क्रोनीसी ट्रॅकिंग' (chronyc tracking) ही आज्ञा चालवून फ्रीक्वेन्सीची ओळ वाचा. तुमच्या मशीनचं घड्याळ मुळात किती धावतं किंवा रेंगाळतं, ते तिथे दिसेल. आणि सेवा सुरू केल्यावर तो जुना क्रॉन आठवणीनं काढा. नाहीतर सेवेनं हळूहळू बसवलेली घडी तो रोज रात्री दोनला विस्कटेल.