लंगडी कशी घातली, हेही पाहायचं असतं

परळच्या एका चाळीत तळमजल्यावर बालवाडी भरते. तिथल्या मुलांच्या हालचाली तपासायला मी अधूनमधून जाते. मागच्या खेपेला साडेचार वर्षांची दोन मुलं शेजारी शेजारी लंगडी घालत होती. दोघंही जवळपास एकाच वेळी समोरच्या भिंतीपर्यंत पोचले. बाई म्हणाल्या, “दोघांनाही छान जमतं.” जमत होतंच. पण एकाचा उचललेला पाय लंबकासारखा मागे-पुढे झुलत होता आणि कोपरात दुमडलेले हात त्याच तालात पुढे येत होते. दुसऱ्याने तो पाय पोटाशी घट्ट आवळून धरला होता, हात पंखांसारखे पसरले होते आणि दर उडीला तो पडता पडता सावरत होता.

बसणं, रांगणं, चालणं, धावणं, उड्या मारणं, चेंडू फेकणं अशा मोठ्या स्नायूंच्या हालचालींना शास्त्रात स्थूल कारक कौशल्यं म्हणतात. ती मोजायच्या दोन रीती आहेत. किती लांब उडी मारली, किती सेकंदात धावला, हे मोजायचं. नाहीतर हालचाल घडली कशी, ते पाहायचं. अमेरिकी संशोधक डेल उल्रिक यांनी १९८५ साली दुसऱ्या रीतीवर आधारलेली एक चाचणी तयार केली. तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ती आजही जगभर वापरली जाते. धावणं, लंगडी, उडी, झेल, फेक, लाथ अशा प्रत्येक कौशल्याचे तीन ते पाच निकष ठरलेले असतात. मुलाला आधी करून दाखवायचं, एकदा सराव करू द्यायचा आणि मग दोन संधी द्यायच्या. निकष दिसला तर एक गुण, नाही दिसला तर शून्य.

फेकीचंच बघा. चेंडू किती लांब गेला, याला इथे गुण नाहीत. हात आधी खाली-मागे जातो का? कंबर आणि खांदे वळून दुसरी बाजू भिंतीकडे येते का? उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडतो का? चेंडू सुटल्यावर हात अंगावरून तिरका पलीकडे उतरतो का? शिवाजी पार्कवर चांगल्या क्षेत्ररक्षकाची फेक पाहिलीत तर हे चारही निकष एका झटक्यात दिसतील. तीन वर्षांचं मूल मात्र समोर तोंड करून, पाय जागचे न हलवता, नुसत्या हाताने चेंडू ढकलतं. त्या वयाला तेच रास्त आहे. ही हालचाल पुढे कोणत्या टप्प्यांनी सुधारते ते ठाऊक असलं, की मूल कुठे अडलं आहे ते सांगता येतं, आणि नेमकं तेवढंच शिकवता येतं. लंगडी घालणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाला “अजून जोरात” म्हणून काहीच उपयोग नव्हता. उचललेल्या पायाचं काम झुलून उडीला जोर देण्याचं असतं, हे त्याला समजायला हवं होतं.

अगदी लहान बाळांच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. तिथे पालकांना तारीख हवी असते. “शेजारचा दहाव्या महिन्यात चालला, आमची तेराव्यातही नाही.” जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या ८१६ बाळांचा मागोवा घेऊन २००६ साली जे निष्कर्ष मांडले, ते प्रत्येक आजीने वाचावेत असं मला मनापासून वाटतं. निरोगी बाळ आधाराशिवाय बसतं ते ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि आधाराशिवाय चालतं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दोन धडधाकट बाळांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं! शिवाय त्यातली ४.३ टक्के बाळं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी ढुंगणावर सरकतं, कुणी थेट उभंच राहतं. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत जितके आठवडे लवकर आलं तितके वयातून वजा करायचे. घरच्या हिशेबात हे हमखास राहून जातं.

आपल्याकडेही या मोजमापाची परंपरा आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवर काम करून जी मोजपट्टी उभी केली, तिच्यात एकट्या कारक विकासाचे ६७ घटक आहेत. त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि निवांत वेळ लागतो. तिरुवनंतपुरमचा १७ घटकांचा तक्ता मात्र थोड्या सरावाने कुणालाही वापरता येतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांची पहिली चाळणी त्यावर होते.

मुंबईत मला खरी काळजी वाटते ती जमिनीची. अमेरिकेतल्या कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ साली नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची मोकळ्या खेळातली पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! चालणं असं हजारो पावलांतून आणि पडण्यातून येतं. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि गॅसची शेगडी असताना ही पावलं कुठे पडणार? मग आई स्वयंपाक करेपर्यंत बाळाला बसायच्या वॉकरमध्ये ठेवतात. त्यात बाळ बुडावर टेकून चवड्यांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि उंबऱ्यावर किंवा जिन्याशी उलटण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा. तिथे निदान बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, पण शेजारी मोठं माणूस हवंच.

काही गोष्टींत मात्र थांबू नये. नऊ महिने उलटूनही बाळ बसत नाही, अठरा महिने झाले तरी एकटं चालत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं, किंवा मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढतं, तर डॉक्टरांना दाखवा. येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं तर त्याच आठवड्यात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतात, आणि परळचं वाडिया तर मुलांचंच रुग्णालय आहे.

त्या दिवशी एका मुलीने काहीच केलं नाही. नवी बाई पाहून ती खांबाला चिकटून उभी राहिली, आणि तिच्या कागदावर सगळी शून्यं पडली. ती शून्यं मी लिहिली खरी, पण पेन्सिलीने. संध्याकाळी तिच्या आईने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. चाळीच्या लाकडी जिन्यावरून ती कठड्याला हात न लावता, एका पायरीवर एकच पाय टाकत, सरसर खाली उतरत होती. मी खोडरबर शोधला आणि शेजारी लिहिलं : पुढच्या मंगळवारी, जिन्यापाशी, पुन्हा.