पॉलिमर मिश्रणातले स्फटिक आणि हाडाच्या पेशी: पार्श्वभूमी

पेशी पायाखालचा आकार ओळखतात, हे जुने निरीक्षण आहे. 1914 मध्ये रॉस हॅरिसन यांनी कोळ्याच्या जाळ्यावर पेशी वाढवल्या, तेव्हा त्या धाग्याच्या दिशेने लांबल्या. 1966 मध्ये आर. के. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी शल्यचिकित्सेसाठी पॉलिलॅक्टिक आम्ल हे शरीरात हळूहळू विघटित होणारे पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ) सुचवले. मात्र पुढे बराच काळ अशा पॉलिमरची स्फटिकता, म्हणजे साखळ्यांचा किती भाग शिस्तीत रचलेला आहे, मोजली जाई ती मजबुती आणि विघटनाचा वेग समजण्यासाठी. ती पृष्ठभागही घडवते, हे नीट दिसायला 1986 चा अणुबल सूक्ष्मदर्शक (बारीक टोकाने पृष्ठभागाचे नॅनोमीटरभर चढउतार टिपणारे उपकरण) यावा लागला.

2003 मध्ये मेरेडिथ, करीम, एमिस आणि सहकाऱ्यांनी पॉलि-डीएल-लॅक्टाइड (पॉलिलॅक्टिक आम्लाचा एक प्रकार) आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन (दुसरे विघटनशील पॉलिमर) यांचे मिश्रण एकाच फिल्मवर पसरले. एका दिशेला प्रमाण बदलत गेले, दुसऱ्या दिशेला तापवण्याचे तापमान. हे मिश्रण तापवल्यावर त्यातली दोन पॉलिमर एकमेकांपासून विलग होतात, आणि थंड होताना फक्त कॅप्रोलॅक्टोनचे (वितळणबिंदू सुमारे 60 अंश से.) स्फटिक होतात, कारण डीएल-लॅक्टाइड अस्फटिकी असते. त्यामुळे आधी विलगीकरण किती पुढे गेले, यावर स्फटिकांना किती जागा मिळते हे ठरते. प्रमाण आणि तापमानाच्या एका विशिष्ट पट्ट्यात अस्थिजनक (हाड तयार करणाऱ्या) पेशींमधील अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाड घडण्याची खूण मानले जाणारे विकर, ठळकपणे वाढले.

पुढच्याच वर्षी वॉशबर्न आणि सहकाऱ्यांनी मिश्रण बाजूला ठेवून एकट्या पॉलि-एल-लॅक्टाइडवर (पॉलिलॅक्टिक आम्लाचा स्फटिक होणारा प्रकार) तापमानाचा उतार दिला, म्हणजे फिल्मच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत तापमान बदलत नेले. खडबडीतपणा 0.5 पासून 13 नॅनोमीटरपर्यंत गेला, आणि सुमारे 1.1 नॅनोमीटरच्या पुढे पेशींची वाढ मंदावली. आमच्या मते इतका लहान आकडा हीच या कामाची खरी देणगी आहे.

अर्थात स्फटिकता बदलली की कडकपणा आणि प्रथिने चिकटण्याची रीतही बदलते. म्हणून केवळ खडबडीतपणाला श्रेय देणे घाईचे ठरते.

प्रत्यक्षात फिल्म बिघडते ती बहुधा साध्या कारणांनी. पॉलिमर विरघळवायला वापरलेला क्लोरोफॉर्म उरला तर साखळ्या सैल राहतात आणि स्फटिकीकरण अपेक्षेपेक्षा लवकर होते. फिल्म ओतताना हवा दमट असेल तर पाण्याच्या थेंबांच्या खुणा छिद्रांसारख्या उमटतात आणि त्या स्फटिकांच्या समजल्या जातात. ऑटोक्लेव्हमध्ये (गरम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) कॅप्रोलॅक्टोन वितळून सगळी रचना पुसली जाते. पेशी वाढवण्याच्या 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्येही कॅप्रोलॅक्टोनच्या साखळ्या हलत्या राहतात आणि माध्यमातले (पेशींच्या पोषक द्रवातले) पाणी डीएल-लॅक्टाइडला मऊ करते. त्यामुळे पेशी पेरण्यापूर्वीचे चित्र पुरत नाही; पेशींशिवाय तितकेच दिवस माध्यमात ठेवलेली फिल्मही मोजावी लागते.