जुन्या माउंटन बाइकसाठी रिम ब्रेकची निवड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

1990 च्या दशकात तयार झालेल्या, पोलादी फ्रेमच्या आणि 26 इंची चाकांच्या माउंटन बाइक आजही आमच्या वर्कशॉपमध्ये नियमित येतात. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या बाजारात हाती लागलेल्या या बाइकच्या फ्रेम बहुधा भक्कम असतात आणि त्या मोडीत काढण्याचे कारण नसते. मालकांचा प्रश्न मात्र हटकून ब्रेकविषयी असतो : मूळचे कँटिलिव्हर ब्रेक (दोन हातांना जोडणारी आडवी वायर वर ओढून लागणारे) ठेवावेत, की व्ही-ब्रेक (लांब, उभ्या हातांचे) बसवावेत? आमचा आग्रह असा की, ब्रेककडे वळण्याआधी फ्रेमवरच्या खुंट्या, हँडलवरचे लिव्हर आणि रिम या तीन गोष्टी तपासाव्यात, कारण उत्तर बहुतेक वेळा त्यांनीच ठरवलेले असते.

खुंट्या कोठे आहेत

ज्यांवर ब्रेकचे हात फिरतात त्या खुंट्या रिमपेक्षा हबच्या बाजूला असतील, तर त्यांवर कँटिलिव्हर आणि व्ही-ब्रेक हे दोन्ही प्रकार बसतात. त्या रिमपेक्षा टायरच्या बाजूला असतील, तर तेथे यू-ब्रेक किंवा रोलर-कॅम ब्रेक, हे रिम ब्रेकचेच वेगळे प्रकार, तेवढे बसतात. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक बाइकना मागचा यू-ब्रेक पेडलच्या मागे, खालच्या दांड्यांवर दिलेला असे. हा ब्रेक ताकदीला कमी नाही. परंतु पावसाळ्यात चाकाने उडवलेला सगळा चिखल नेमका तेथेच साचतो. शिवाय यू-ब्रेकचे गुटके (रिमवर दाबले जाणारे रबरी तुकडे) झिजत जातात तसे वर सरकतात आणि लक्ष न दिल्यास टायरची बाजू कापतात. अशा फ्रेमवर मागे व्ही-ब्रेक बसणार नाही, त्यामुळे यू-ब्रेकच स्वच्छ करून, ग्रीस भरून, नव्या गुटक्यांसह वापरावा.

लिव्हर आणि ब्रेक ही जोडी आहे

शिमानो कंपनीने 1996 च्या सुमारास व्ही-ब्रेक बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत माउंटन बाइकवरून कँटिलिव्हर मागे पडले. व्ही-ब्रेकचे हात सुमारे 10 सेंटिमीटर लांब व उभे असतात, आणि वायर वाकड्या नळीतून येऊन दोन्ही हातांना थेट एकमेकांकडे ओढते. हात लांब असल्यामुळे गुटके रिमपर्यंत पोहोचवण्यासाठी कँटिलिव्हरच्या जवळजवळ दुप्पट वायर ओढावी लागते. म्हणूनच व्ही-ब्रेकचे लिव्हर वेगळ्या मापाचे असतात, आणि ही बाब दुर्लक्षित राहिल्यामुळे झालेल्या चुकीच्या जोडण्या आम्हाला वारंवार दुरुस्त कराव्या लागतात.

जुन्या लिव्हरवर व्ही-ब्रेक जोडल्यास लिव्हर हँडलला टेकू लागतो. ते टाळण्यासाठी गुटके रिमला इतके चिकटवून ठेवावे लागतात की चाकात जराशी लचक असली तरी ते घासतात, आणि ब्रेक लागतो तेव्हा चाक एकदम जाम होते. याउलट, कँटिलिव्हरला व्ही-ब्रेकचे लिव्हर जोडल्यास घडणारा प्रकार अधिक फसवा आहे. दुकानात उभ्या बाइकवर लिव्हर दाबून पाहिल्यास तो टणक लागतो आणि ग्राहकाला वाटते की ब्रेक छान घट्ट झाला. प्रत्यक्षात बोटांचा जोर रिमपर्यंत निम्म्यानेच पोहोचत असतो, आणि सिंहगडासारख्या घाटाच्या उतारावर बाइक थांबत नाही. काही लिव्हरमध्ये वायर अडकवण्याची जागा बदलून दोन्ही मापे साधता येतात. तसे नसेल तर ब्रेक आणि लिव्हर एकत्रच बदलावेत. जुन्या बाइकवर गिअर बदलण्याची कळ आणि ब्रेक लिव्हर पुष्कळदा एकाच तुकड्यात असतात. अशा वेळी गिअरची कळही स्वतंत्र घ्यावी लागते आणि खर्च वाढतो, याची कल्पना आधीच असावी.

कँटिलिव्हर ठेवावा का

लिव्हर जुनेच ठेवायचे असतील आणि वापर शहरात किंवा साध्या कच्च्या रस्त्यांवर असेल, तर नीट जुळवलेला कँटिलिव्हर पुरेसा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची बदनामी मुख्यतः चुकीच्या जुळवणीमुळे झाली आहे. दोन हातांना जोडणारी आडवी वायर जितकी खाली, तितका जोर अधिक मिळतो. मात्र गुटक्यांची हालचाल तितकीच कमी होते. म्हणून ही वायर टायरला व मडगार्डला न लागता शक्य तेवढी खाली ठेवावी.

पुढच्या चाकाबाबत एक गोष्ट प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावी. मुख्य वायर तुटली तर ही आडवी वायर सुटून टायरवर पडते. टायर जाड नक्षीचा असेल तर ती त्यात अडकते, चाक जागच्या जागी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. पुढच्या रिफ्लेक्टरची पट्टी किंवा मडगार्ड ही वायर वरच्या वर झेलते, त्यामुळे केवळ दिसायला बरे म्हणून ती पट्टी काढून टाकू नये.

पुढचे चाक धरणारा चिमटा शॉक अॅब्सॉर्बरचा असेल, तर मात्र कँटिलिव्हरच्या आऊटरला (वायरवरच्या बाहेरच्या नळीला) टेकण्यासाठी त्या चिमट्याच्या कमानीवरच आधार लागतो. व्ही-ब्रेकला तो लागत नाही, त्यामुळे अशा बाइकसाठी, तसेच घाटात किंवा सामान लादून चालवणाऱ्यांसाठी, आम्ही व्ही-ब्रेकच सुचवतो.

वायरऐवजी द्रवाच्या दाबाने चालणारा हायड्रॉलिक रिम ब्रेक हा तिसरा पर्याय आहे. जर्मनीच्या मागुरा कंपनीने तो 1987 मध्ये आणला. तो त्याच खुंट्यांवर बसतो, वायर गंजण्याचा प्रश्न उरत नाही आणि जोर उत्तम मिळतो. परंतु किंमत जास्त आहे आणि सुटे भाग येथे सहज मिळत नाहीत. जी बाइक अनेक वर्षे वापरायची आहे, तिच्यासाठीच त्याचा विचार करावा.

रिम आणि गुटके

क्रोमचा मुलामा असलेल्या लोखंडी रिमवर पाऊस पडला की कोणताही रिम ब्रेक दुबळा होतो. त्यावर महागडे व्ही-ब्रेक लावण्यापेक्षा तेच पैसे अॅल्युमिनियमच्या रिमवर खर्च करावेत. अॅल्युमिनियमची रिम मात्र झिजते, आणि कोकणातल्या लाल चिखलात तर फारच वेगाने. रिमच्या बाजूवर स्टीलची पट्टी उभी धरून पाहावी. पट्टीच्या मध्यावर फट दिसत असेल, म्हणजे बाजू आतल्या अंगाला खोलगट झाली असेल, तर रिम बदलावी. अशी पातळ झालेली बाजू हवेच्या दाबाने फाटू शकते, आणि नवा जोरदार ब्रेक तो धोका वाढवतो.

गुटके घेताना जुना नमुना सोबत आणावा. जुन्या कँटिलिव्हरच्या गुटक्याला बहुधा गुळगुळीत दांडी असते, तर व्ही-ब्रेकच्या गुटक्याला आटे असतात. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. या दोन्ही ब्रेकचे गुटके झिजताना खाली सरकतात आणि शेवटी रिमच्या खाली घसरू शकतात, म्हणून बसवताना ते रिमच्या वरच्या कडेपासून साधारण 1 मिलिमीटर खाली ठेवावेत. ब्रेक किंचाळत असेल, तर गुटक्याचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर रिमच्या जवळ ठेवल्याने बहुतेक वेळा आवाज थांबतो. दर पावसाळ्यानंतर गुटक्यांत रुतलेले खडे व अॅल्युमिनियमचे चमकणारे कण टोच्याने काढून टाकावेत.

ब्रेक बदलण्याआधी आम्ही खुंट्यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढतो व ग्रीस लावतो. खुंटी वाकलेली किंवा सांध्यात तडकलेली आढळल्यास काम थांबवून ग्राहकाला दाखवतो. जुन्या लिव्हरवर केवळ व्ही-ब्रेकचे हात बसवून देण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही. नवे ब्रेक घेऊन जाताना प्रथम सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा लावून पाहावा. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी सैल होते. ती ताणून देण्यासाठी बाइक पुन्हा आणावी, त्याचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.