रोही गाय नाही, आणि सरसकट मारताही येत नाही

‘नीलगाय म्हणजे गायच, तिला हात लावायचा नाही’ हे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. आपण तिला रोही म्हणतो तेच बरं. हा कुरंग आहे, म्हणजे हरणासारखा प्राणी. चौसिंगा त्याचा सर्वात जवळचा भाऊबंद. गाईशी नातं आहे, पण लांबचं. नर निळसर करडा, दोनशे किलोच्या पुढे जाणारा, मादी तपकिरी.

दुसरी अफवा उलट टोकाची: शेतात शिरला की मारायला मोकळे! तसं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली, उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. त्याशिवाय बंदूक, फास, कुंपणात सोडलेली वीज, सगळा गुन्हाच. विजेच्या तारेत तर शेजारचा माणूसही जातो.

खरा हिशेब रात्रीचा आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडलेले, तुरीच्या फांद्या मोडलेल्या, बांधाजवळ लेंड्यांचा ढीग (रोही त्याच जागी पुन्हापुन्हा येतो). तीन एकरवाला बाप-लेक आळीपाळीने माळ्यावर जागतात. त्या जागलीची मजुरी उत्पादन खर्चात कोण धरतं?