नार्कोलेप्सी

नार्कोलेप्सी हा मेंदूचा आजार आहे, यात झोप आणि जागेपण यांच्यातली सीमाच ढिली पडते. लोक याला आळस समजतात, घरचे 'रात्री मोबाईल बघत बसतो म्हणून' असं म्हणून मोकळे होतात, पण २४ तासांचा हिशोब मांडला तर हे पेशंट इतरांपेक्षा फारसं जास्त झोपत नाहीत. दिवसा डुलक्या आवरत नाहीत आणि रात्री मात्र झोप सारखी मोडते, असा उलटा प्रकार असतो.

एरवी डोळा लागला की आधी नॉन-रेम झोप येते, ती खोल होत जाते आणि साधारण ६० ते ९० मिनिटांनी रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप सुरू होते. रेममध्ये मेंदू हातापायांचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरंच पळत सुटलो असतो. नार्कोलेप्सीत माणूस १५ मिनिटांच्या आतच रेममध्ये जाऊ शकतो, आणि वर रेमचे तुकडे जागेपणीही घुसतात. झोपताना किंवा उठताना शरीर हलत नाही, खोलीत कुणीतरी उभं आहे असं दिसतं, ते यातूनच. (हे दोन्ही अधूनमधून निरोगी माणसालाही होतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.)

सगळ्यात विचित्र म्हणजे कॅटाप्लेक्सी. कुणी जोक मारला, पेशंट खळखळून हसला की जबडा लोंबतो, मान पुढे पडते, हातातला कप सुटतो, गुडघे वाकून माणूस खाली बसतो, पण शुद्ध पूर्ण असते आणि सगळं ऐकू येत असतं, फक्त उत्तर देता येत नाही, आणि एक-दोन मिनिटांत परत नॉर्मल. बघणाऱ्याला फिट वाटते आणि तिथेच निदान चुकतं. कॅटाप्लेक्सी असलेल्या प्रकाराला टाइप १ म्हणतात, नसेल तर टाइप २.

जेलिनो या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये आजाराला नाव दिलं, पण आजाराचं कारण कळायला मात्र शंभरावर वर्षं गेली. १९९८ मध्ये हायपोक्रेटिन उर्फ ओरेक्सिन हे जागं ठेवणारं रसायन सापडलं, आणि २००० मध्ये दिसलं की टाइप १ च्या पेशंटमध्ये मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातल्या, ते बनवणाऱ्या पेशी जवळपास संपलेल्या असतात. शरीराची स्वतःचीच इम्युनिटी त्या मारते असा दाट संशय आहे. टाइप २ चं कोडं अजून सुटलेलं नाही.

सुरुवात बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वयात होते, निदान व्हायला मात्र कित्येकदा वर्षं जातात. तपासणीत रात्रभर झोपेची टेस्ट करतात, मग दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी चार-पाच डुलक्या घ्यायला लावतात. सरासरी ८ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि किमान दोनदा लगेच रेम आली तर निदान पक्कं व्हायला मोठा आधार मिळतो.

आजार पूर्ण बरा होत नाही. ठरलेल्या वेळी १५-२० मिनिटांची डुलकी, दिवसा जागं ठेवणारं मोडाफिनिल वगैरे, आणि रात्रीच्या झोपेसाठी सोडियम ऑक्सिबेट, एवढ्यावर तो आटोक्यात ठेवतात. सोडियम ऑक्सिबेटचा जुना प्रकार रात्री दोन डोसमध्ये घ्यावा लागतो, दुसरा डोस अडीच ते चार तासांनी, म्हणजे झोप नीट लागावी म्हणून मध्यरात्री अलार्म लावून उठायचं.